पावणेतीन इंच

एस्तेबानने खाली पाहिलं. ओरडला नाही, बसला नाही. चेंडू त्याच्या हातून सुटला, बॅटरच्या बराच अलीकडे मातीत आपटला, उजवा हात उसना घेतल्यासारखा बाजूला लोंबत राहिला आणि डाव्या हाताने कोपर धरून त्याने आधी आपल्या पावलांकडे आणि मग पावलांखालच्या मातीकडे पाहिलं. क्षणभरच. मग सगळे धावले. लीगचा फिजिओ सत्यजित आपली निळी पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. प्रेक्षकांतून एक लांबलचक हळहळ उठली आणि विरली. कुंपणाजवळ, पाण्याच्या पाइपाशेजारी स्टुलावर बसलेला हुसेनमियाँ मात्र जागचा हलला नाही. त्या माणसाने मातीकडे का पाहिलं? कोपर दुखतंय तर माणूस कोपराकडे पाहील, आभाळाकडे पाहील, आईला हाक मारील. मातीकडे कशाला पाहील? आणि ती माती हुसेनमियाँची होती.

रियाधमध्ये त्याला एकतीस वर्षं झाली होती. हर्णैच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून तो गवंडी म्हणून आला, शहरातल्या बत्हा वस्तीतल्या एका खोलीत सहा जणांत राहिला आणि अजून तिथेच राहत होता. सहांतले पाच तेवढे बदलत गेले. त्याने भिंती बांधल्या, फरश्या बसवल्या, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर अल मलाझ भागातल्या एका कंपनीच्या क्रिकेटच्या मैदानावर माळी झाला. ते मैदान नव्या बेसबॉल लीगने घेतलं तेव्हा गवत कापायच्या मशीनबरोबर, फावड्या-घमेल्यांबरोबर हुसेनमियाँही त्यांच्याकडे गेला. जानेवारीत अमेरिकेहून एक तांबड्या मानेचा तज्ज्ञ दहा दिवसांसाठी आला आणि त्याने ह्याला माउंड बांधायला शिकवलं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, पिचर, सपाट जमिनीवर उभा राहत नाही. त्याच्यासाठी मातीचा एक उंचवटा करतात, तो माउंड. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रबराची पट्टी पुरायची, पट्टीपासून पुढे उतार द्यायचा, आणि पट्टीची उंची दहा इंच. साहेबाने दोन्ही हातांची दहा बोटं त्याच्या तोंडासमोर धरली होती. टेन. ना नऊ, ना अकरा. हुसेनमियाँ हसला होता. बारा वर्षांचा असल्यापासून तो जांभ्याचे चिरे एका रेषेत बसवत आला होता, त्याला दहा इंच म्हणजे काय हे कोणी सांगायला नको होतं. गोणीतून आलेली ती परदेशी तांबडी माती त्याने ओली करून हातात घेतली, मुठीत दाबली, नाकाला लावली. वास गावासारखा नव्हता. पण मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच उठलेले दिसले, आणि त्याला माती आवडली.

आता लाइटच्या पांढऱ्या उजेडात एस्तेबानला दोघांनी धरून आत नेलं. चार आठवड्यांतला हा तिसरा पिचर. पहिल्याचा खांदा गेला तेव्हा म्हणाले, सरावाला वेळ कमी मिळाला. दुसरा दुसऱ्या संघाचा होता, त्याचंही कोपर. तेव्हा म्हणाले, विमानाचा प्रवास, हवा, वय. आणि दुसरीकडे धावाच होत नव्हत्या. लीगमधले चारही संघ ह्याच एका मैदानावर खेळत आणि चारही संघांच्या बॅटरांना जणू चेंडू दिसतच नव्हता. एक-शून्य. दोन-एक. पुन्हा एक-शून्य. लोक पैसे देऊन येत आणि सातव्या डावात उठून शोरमा खायला बाहेर जात. बॅटिंग शिकवणाऱ्या कोचला तिसऱ्या आठवड्यात घरी पाठवलं. बॅटी बदलल्या, लाइटचे कोन बदलले, कोणीतरी म्हणालं चेंडूंची खेपच खराब आहे. हुसेनमियाँ हे सगळं पाण्याच्या पाइपाशी बसून ऐकत असे आणि मान हलवत असे. आज पहिल्यांदा ह्या दोन्ही गोष्टी, न होणाऱ्या धावा आणि मोडणारे हात, त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसल्या, आणि त्यांच्या मध्ये तो पांढऱ्या पट्टीचा उंचवटा उभा राहिला. उंचावरून येणारा चेंडू मारायला अवघड. उंचावरून टाकणाऱ्याच्या हाताला हिसका जास्त. एवढं समजायला बेसबॉल कळावं लागत नाही.

आणि पट्टी त्यानेच वर उचलली होती. एकदा नव्हे, तीनदा. सरावाच्या दिवसांत पिचरच्या पायाने पट्टीपुढे खड्डा पडे, तो खड्डा भरून काढताना पट्टी खोल गेल्यासारखी वाटे. मग ती उपसायची, खाली माती भरायची, धुम्मस घालून घट्ट करायची, पट्टी परत बसवायची. प्रत्येक वेळी त्याने दूर जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं होतं आणि स्वतःशी म्हटलं होतं, बराबर. मोजलं नव्हतं. मोजायचं यंत्र मार्चमध्येच आलं होतं: तिपाईवर ठेवायची लेसरची पाणसळ, काळ्या पेटीत, स्पंजात बसवलेली. त्याच आठवड्यात मुआज आला होता. सदतीस-अडतीसचा सौदी, तीन मुलांचा बाप, आधी कुठल्याशा गोदामात पहारेकरी होता. मुदीरने, म्हणजे मैदानाच्या मॅनेजरने, त्याला हुसेनमियाँपुढे उभं करून सांगितलं होतं, ह्याला सगळं शिकव, सीझन संपेपर्यंत. पुढचं तो बोलला नव्हता. सौदीकरण, म्हणजे परदेशी कामगाराच्या जागी सौदी माणूस, त्याची टक्केवारी, कोटा, हे शब्द बत्ह्यात चहाच्या टपरीवरही बोलले जात होते. पुढचं सांगायची गरज नव्हती. मुआजने पेटी पाहून, अरबीत काकाला म्हणतात तसं 'अम्मी' म्हणत, विचारलं, "अम्मी हुसेन, हे कसं चालवायचं?" आणि हुसेनमियाँने, ज्याने आयुष्यात कोणाची वीटही चोरली नव्हती, नजरेला नजर न देता सांगितलं, "खराब आहे. बॅटरी गेली. हे काम डोळ्यानं होतं." पेटी त्याने स्टोअरमध्ये खताच्या पोत्यांमागे सरकवून ठेवली. यंत्र चालवता येणारा माणूस महिन्याभरात तयार होतो. डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं आपल्याला मिळतील, असा काहीतरी हिशोब त्याने केला असावा. आता आठवताना त्याला तो हिशोबही धड आठवेना, फक्त पेटी सरकवताना तळहाताला आलेला घाम आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिजिओच्या खोलीत गेला. सत्यजित नाशिककडचा, तिशीतला. मैदानावर मराठी बोलायला हे दोघेच. खोलीत बर्फाच्या पिशव्यांचा आणि मलमाचा वास होता आणि सत्यजित लॅपटॉपसमोर काही न करता बसला होता.

"डॉक्टरसाहेब, कसा आहे तो?"

"लिगामेंट फाटलंय, चाचा. पूर्ण. ऑपरेशन, मग वर्षभर घरी. ह्या वयात परत येतो की नाही कोण जाणे." तो थांबला. "आणि मी त्याला फिट म्हणून सही दिली होती. तिघांनाही तपासलं होतं मीच."

"मग त्यात तुमचं काय चुकलं?"

"काहीच नाही. तेच तर समजत नाही. रात्रभर रिपोर्ट वाचत बसलो. पण कोणाचं तरी चुकायला पाहिजे ना? काल मुदीर म्हणाला, गुरुवारी मीटिंग आहे, तुझं लेखी उत्तर आण. निष्काळजीपणा असं लिहून काढलं तर पुन्हा कुठे लायसन्स मिळणार नाही, इथंही नाही, दुबईतही नाही. सौदी फिजिओंचा कोटा तसाही वाढलाय. त्यांना कारणच हवंय." तो हसायचा प्रयत्न करत होता. "क्षमाला अजून सांगितलं नाही. सातवा महिना आहे तिला."

हुसेनमियाँने टेबलाची कड धरली. "डॉक्टरसाहेब, ती माती... म्हणजे, उंची जरा कमी-जास्त असली, तर हातावर येतं काय?"

"माउंडची? येऊ शकतं. नक्की कोणी सांगू शकणार नाही. खांदा, थकवा, जुनी दुखापत, सगळंच असतं. पण उतार जास्त असेल तर पाय उशिरा टेकतो, आणि सगळा भार..." त्याने स्वतःचं कोपर दाबून दाखवलं, आणि मग वर पाहिलं. "का हो?"

"काही नाही. असंच आपलं."

बाहेर येऊन तो भिंतीच्या सावलीत उभा राहिला. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून एकदा त्याचा पाय सटकला होता, जिझानला कामावर पाठवलं होतं तेव्हा, पंचवीस वर्षांपूर्वी. खाली लोंबकळताना अशीच भीती वाटली होती, पण ती स्वच्छ होती. हात सुटला तर पडायचं, एवढंच. ही भीती चिकट होती. हिला हात नव्हता, सुटणं नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर मैदानावर चिटपाखरूही नसतं. ऊन असं की गवताकडे पाहिलं तरी डोळ्यात पाणी यावं. लेसरच्या पेटीला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. त्याने गवंड्याची जुनी रीत केली: पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक बॅटरच्या जागेच्या प्लेटपाशी खुंटीला बांधलं, दुसरं माउंडवर आणलं, आणि पाणी स्थिर होईपर्यंत उकिडवा बसून राहिला. नळीतलं पाणी बराच वेळ खालीवर होत राहिलं. खुंटीवरचं माप घेतलं, पट्टीपाशी घेतलं, एकातून दुसरं वजा केलं. पावणेतेरा. त्याला वाटलं नळीत हवा शिरली असेल. नळी रिकामी केली, परत भरली, बोटाने टिचक्या मारून बुडबुडे काढले. पावणेतेरा. तो पट्टीवर बसला. रबर तव्यासारखं तापलं होतं, ते त्याला उशिरा कळलं. पावणेतीन इंच जास्त. म्हणजे त्याचा डोळा खोटा पडला होता. पण तेवढंच नव्हतं, डोळा कधी खोटा पडायला लागला हेही त्याला माहीत नव्हतं, आणि ह्या खोट्या डोळ्यावर तीन माणसं रोज सगळी ताकद लावून उभी राहिली होती.

गावाहून बायकोचा, मैमुनाचा फोन त्याच वेळी आला. ती रोज ह्या सुमाराला करते. "जेवलात काय?" तिने विचारलं, मग झोयाच्या शाळेचं सांगितलं, विहिरीचा पंप बंद पडलाय ते सांगितलं. झोया ही नात. हुसेनमियाँ हं-हं करत राहिला. "आवाज असा का येतोय तुमचा? बरं नाही काय?" "ऊन आहे," तो म्हणाला. तिला काय सांगणार होता? की मी एका माणसाचा हात मोडला? की मी अजून दोन महिन्यांत, नाहीतर दोन दिवसांत, पेटी-वळकटी घेऊन दारात उभा राहीन? की मला ह्या वेळी त्या दारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटते आणि ती काय आहे ते मला सांगता येत नाही?

मग त्याने जे केलं ते त्याला स्वतःलाही पुढे कित्येक दिवस समजलं नाही. तो उठला, फावडं आणलं, पट्टी उपसली आणि खालची माती खरवडू लागला. पाव इंच आज. पाव इंच उद्या. अकरा दिवसांत दहावर येईल. कोणाला कळणार नाही. धावा हळूहळू व्हायला लागतील, लोक म्हणतील बॅटर सुधारले. घाम डोळ्यात जात होता. खरवडलेली माती त्याने घमेल्यात भरली, त्यावर गवत टाकलं, आणि घमेलं उचलून वळला तेव्हा स्टोअरच्या दारात मुआज उभा होता.

त्याने घमेल्याकडे पाहिलं, उघड्या पडलेल्या पट्टीकडे पाहिलं. गुरुवार परवावर होता. हुसेनमियाँच्या डोळ्यांसमोर उगाचच सत्यजितची ती निळी पिशवी आली, त्यात नीट घडी घालून ठेवलेल्या बँडेजच्या पट्ट्या, आणि नाशिकच्या घरी सातवा महिना लागलेली त्याची बायको, जिला त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं. घमेलं त्याच्या हातातून खाली ठेवलं गेलं. तो स्टोअरमध्ये गेला, खताची दोन पोती ओढली, पेटी काढली आणि मुआजच्या पायाशी ठेवली.

"खराब नाही," तो म्हणाला. एकतीस वर्षांत जमवलेल्या अरबीतले सगळे शब्द त्याला सोडून गेले होते, जे सापडले ते त्याने एकापुढे एक ठेवले. "खोटं बोललो. तू शिकशील म्हणून. माउंड उंच झालाय. मी केला. तीन माणसं."

मुआजने पेटी माउंडपाशी आणली, उपसलेली पट्टी जागेवर ठेवली, पेटी उघडली. तिपाई लावली, बटण दाबलं. त्याला ते सहज जमलं, आणि ते पाहून हुसेनमियाँने विचारलं, "तुला चालवता येतं?"

"मोबाइलवर पाहिलं होतं. पेटी कुठे आहे तेही माहीत होतं," मुआज यंत्राकडेच पाहत म्हणाला. "मार्चपासून."

"मग बोलला का नाहीस?"

मुआजने डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं. "बोललो असतो तर तू गेला असतास, अम्मी हुसेन. आणि मग हा माझा झाला असता." त्याने पायाने माउंडला जरासं टोकरलं. "आधीची नोकरी एका चुकीत गेली माझी. मला वाटलं, हा म्हातारा आहे तोवर चूक त्याची." तांबडा ठिपका मोजपट्टीवर स्थिर झाला होता. साडेबारा. आजचं पाव इंच वजा होऊन.

दोघं मुदीरकडे गेले. जिन्यात मुआजने हुसेनमियाँचं कोपर धरलं, आणि कोपराला हात लागताच तो दचकला. मुदीरने सगळं ऐकलं. एस्तेबानच्या संघाच्या मुख्य कोचला बोलावलं. कोच अमेरिकन, साठीचा, त्याने आकडा दोनदा विचारला आणि मग खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हुसेनमियाँला वाटलं हा आता उठून आपल्याला मारणार. पण हात काढले तेव्हा तो माणूस सुटल्यासारखा दिसत होता. कारण सापडलं होतं. त्याचे बॅटर वाईट नव्हते, चेंडू वाईट नव्हते, तो स्वतः वाईट नव्हता. मुदीर मात्र शांतपणे म्हणाला की ही गोष्ट ह्या खोलीबाहेर जाणार नाही. लीग नवी आहे. माउंड उद्या दुरुस्त होईल. फिजिओवर निष्काळजीपणाचं पत्र निघणार नाही. त्याचा करार जूनपर्यंत आहे, तो पुढे वाढणार नाही, कोट्यामुळे, पण कागद साफ राहील. "आणि तू," तो हुसेनमियाँकडे वळला, "ह्या महिन्याअखेर. फायनल एक्झिट. खलास." हुसेनमियाँने मान हलवली. एवढी वर्षं ज्या शब्दाला, कायमच्या परतीच्या त्या शिक्क्याला, तो भ्याला होता तो शब्द उच्चारला गेला, आणि भीती तसूभरही कमी झाली नाही. म्हणजे ती त्या शब्दाची नव्हतीच.

बुधवारी दोघांनी माउंड कापला. मुआज यंत्रापाशी उभा राहून आकडे ओरडत होता, हुसेनमियाँ गुडघ्यांवर बसून थापीने माती उतरवत होता. शुक्रवारच्या सामन्यात अकरा-आठ असा निकाल लागला. चेंडू उजेडातून पार पलीकडे अंधारात जात होते, लोक उभे राहून ओरडत होते, समोरच्या बाकावरची लहान पोरं नाचत होती. पाण्याच्या पाइपाशी बसलेला हुसेनमियाँ प्रत्येक चेंडूला फक्त टाकणाऱ्याच्या कोपराकडे पाहत होता. सामना संपला तेव्हा त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि नखं तळहातात रुतली होती.

एस्तेबानचं विमान रविवारी होतं. मुदीरने बजावलेलं होतं, तरी शनिवारी सकाळी हुसेनमियाँ सत्यजितकडे गेला आणि म्हणाला, "मला त्याच्याकडे न्या. तुम्ही इंग्लिशमधे सांगा." सत्यजितला त्याने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. सत्यजित एवढंच म्हणाला होता, "आधी सांगितलं असतंत तर, चाचा." जिझानच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये अर्ज केलाय, टॅक्सीत त्याने सांगितलं, कागद साफ आहेत म्हणून करता आला.

हॉटेलच्या खोलीत पलंगावर उघडी बॅग होती. एस्तेबान एका हाताने शर्टांच्या घड्या घालायचा प्रयत्न करत होता. तेहतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. बसल्यावर तो हुसेनमियाँच्या मुलाएवढा दिसत होता. त्याने दोघांना बसायला सांगितलं, पाण्याच्या बाटल्या दिल्या. हुसेनमियाँ बसला नाही. तो मराठीत बोलत गेला, सत्यजित त्याचं इंग्लिश करत गेला: पट्टी, माती, पेटी, खोटं. कधीकधी सत्यजित थांबे, शब्द शोधे, आणि त्या थांबण्यात हुसेनमियाँला खोलीतला एसी मोठ्याने ऐकू येई. माणूस आता उठेल, शिव्या देईल, पोलिसाला बोलावील. त्याने तसं करावं, असंही त्याला वाटत होतं.

एस्तेबानने ऐकून घेतलं. मग तो हळूहळू काहीतरी बोलला.

"काय म्हणाला तो?"

"म्हणतो, इथं आल्यापासून मी आयुष्यात टाकला नव्हता एवढ्या वेगात चेंडू टाकत होतो. दोन वर्षं मला कोणी संघात घेतलं नव्हतं. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं, माझा हात परत आला. मला वाटलं, मीच सुधारलोय."

एस्तेबानने हुसेनमियाँकडे पाहत आणखी एक छोटासा प्रश्न विचारला, किती उंच? त्याचा अर्थ सत्यजितने सांगायची गरज पडली नाही.

हुसेनमियाँने उजवा हात पुढे केला आणि अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर करून धरली. पावणेतीन इंच. आता डोळ्यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने बोटं पुन्हा जराशी जवळ घेतली, मग जराशी लांब केली. एस्तेबान पलंगावरून उठून आला, डाव्या हाताने त्याची ती दोन्ही बोटं हलकेच धरून जागच्या जागी ठेवली, आणि मधल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहिला. हात मागे घ्यावा असं हुसेनमियाँला फार वाटत होतं. पण एस्तेबानचं पाहून झालं नव्हतं, म्हणून त्याने हात तसाच धरून ठेवला.